देवपुजारी डॉक्टरांचा लॅपटॉप फॉरमॅट झाला त्याची हकीकत

संपूर्ण पुसून टाकल्यावरही शिल्लक राहील, अशी अडचण या जगात अजून निर्माण झालेली नाही. हे तत्त्व आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं, पण त्यांच्याकडे लॅपटॉप नसल्यामुळे त्यांना ते पाटी-पेन्सिलीवरच आजमावावं लागलं. इंग्लंडातल्या लेस्टरच्या मराठी माणसाला ही सोय सन दोन हजारनंतर उपलब्ध झाली आणि त्याने तिचा मनापासून लाभ घेतला. या विधीला फॉरमॅट मारणे असं म्हणतात. (फॉरमॅट 'करणारे' लोकही शहरात आहेत, पण ते पैसे घेतात. मारणारा जेवून जातो.)

विधीची पूर्वतयारी म्हणजे लॅपटॉप मंद होणं. तो आपोआप मंद होत नाही, त्यासाठी घरातल्या प्रत्येकाला हातभार लावावा लागतो. मुलं फुकटची गाणी उतरवतात. आई डोळे मिचकावणारे पिवळे चेहरे उतरवते. वडील खबरदारी म्हणून व्हायरस पकडणारे तीन वेगवेगळे प्रोग्रॅम घालून ठेवतात आणि ते तिघे व्हायरस सोडून एकमेकांनाच पकडत बसतात. आमच्या मराठी मित्रमंडळाने केलेल्या पाहणीनुसार (पाहणी म्हणजे आमच्या सेक्रेटरीने, सतीशने, कोजागिरीच्या दुधाच्या रांगेत सगळ्यांना विचारलं होतं) बहुतेक घरांत लॅपटॉप चालू करून चहा टाकला, तर चहा आधी होतो.

असा तो पुरेसा मंद झाला की एका रविवारी अवधूतला जेवायला बोलावतात.

अवधूत पुण्याचा. वर्क व्हिसावर आलेला, एका कंपनीत बँकांसाठी कसलंसं सॉफ्टवेअर लिहितो. आपल्या नोकरीचा आणि लोकांच्या लॅपटॉपचा काही संबंध नाही, असं त्याने सुरुवातीला सांगून पाहिलं. पण हाडांच्या डॉक्टरला लोक लग्नात खोकला दाखवतातच की. त्यामुळे हल्ली 'सहज ये रे जेवायला' असा फोन आला की तो जाकिटाच्या खिशात विंडोजची सीडी टाकूनच निघतो. जेवण होतं, ताक होतं, बडीशेप होते आणि मग यजमान म्हणतात, "आता आलाच आहेस तर..." या वाक्याशिवाय लॅपटॉप बाहेर काढणं शिष्टसंमत नाही. लॅपटॉप पाहून अवधूतने उसासा टाकायचा आणि 'फॉरमॅट मारावा लागेल' असं गंभीरपणे सांगायचं. घरच्यांनी एकमेकांकडे पाहून संमती द्यायची. शेवटी, सर्वांत महत्त्वाचं कलम, अवधूतने विचारायचं, "बॅकअप घ्यायचा आहे का काही?" म्हणजे, पुसण्याआधी सीडीवर काढून ठेवावं असं काही आहे का.

त्यानंतर निळा पडदा येतो, त्यावर एक पिवळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत जाते आणि सगळं कुटुंब ती सत्यनारायणाच्या कथेपेक्षा अधिक लक्ष देऊन पाहतं. पट्टी पूर्ण झाली की हिरवी टेकडी, निळं आभाळ आणि कोपऱ्यात कचऱ्याची एकटी बादली, तीही रिकामी. मराठी घरात इतकी स्वच्छता एरवी फक्त पाहुणे यायच्या आधी दिसते.

या विधीत आजवर कोणाचंही नुकसान झालं नव्हतं, याचं श्रेय अवधूतच्या कौशल्याइतकंच आम्हा सभासदांनाही आहे. आमच्यापैकी कोणाच्याच लॅपटॉपमध्ये जपून ठेवण्यासारखं काही नव्हतं.

अपवाद एकच, डॉ. पुरुषोत्तम देवपुजारी.

डॉक्टर मूळचे नागपूरचे. तरुणपणी विलायतेत आले, इथल्या हॉस्पिटलात आयुष्य काढलं आणि भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झाले. (याचा पुढच्या मजकुराशी काही संबंध नाही. काही सभासद तो जोडतात, तो त्यांचा प्रश्न.) निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं. 'संत्र्यांच्या गावाहून' असं त्याचं नाव. लॅपटॉपवर मराठी टायपिंग शिकून, एका बोटाने, त्यांनी ते सहा वर्षं लिहिलं आणि जसजसं लिहून झालं तसतसं ते मंडळाच्या कार्यक्रमांत वाचून दाखवलं.

मंडळाचा एकही सण त्याशिवाय गेला नाही. संक्रांतीला तिळगुळानंतर 'गॅसच्या मीटरमध्ये नाणं टाकायची ती खोली' झालं (तेव्हा इथे नाणं टाकलं तरच शेगडी पेटायची). दिवाळीला फराळानंतर 'कौन्सिलने कचऱ्याचे डबे बदलले'. 'एम-वनवर गाडी बंद पडली' हे प्रकरण त्या हमरस्त्याइतकंच लांबलचक असल्याने चार भागांत झालं आणि गणपती विसर्जनाला लोक जरा जास्तच वेळेवर निघाले. बेलग्रेव्ह रोडजवळच्या ज्या हॉलमध्ये आम्ही जमतो, तिथे गाडी लावायला तिकीट लागत नाही. तरीही डॉक्टर चष्मा काढून लॅपटॉप उघडू लागले की 'पार्किंगचं तिकीट संपत आलंय' म्हणून उठणाऱ्यांची संख्या दरवर्षी वाढत गेली. मंडळाच्या अध्यक्ष उल्काताई यांना मात्र पदामुळे उठता येत नसे. त्यांनी उघड्या डोळ्यांनी झोपण्याची कला साध्य केली होती आणि ती त्या नव्या सभासदांना खासगीत शिकवतही असत.

जानेवारीत डॉक्टरांचा लॅपटॉप मंद झाला. त्यांनी अवधूतला सहज जेवायला बोलावलं.

आता इथे वाचकांना एक प्रादेशिक बाब समजावून सांगणं भाग आहे. नागपुरात माणसाला काही विचारलं की तो पहिल्यांदा 'नको' म्हणतो. हे उत्तर नसतं, ही सुरुवात असते. दुसऱ्यांदा विचारल्यावर तो 'कशाला उगीच' म्हणतो आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर ताट पुढे करतो. पुण्यात माणसाला एकदा विचारतात. तो 'नको' म्हणाला तर झाकण लावतात. दोन्ही रीती आपापल्या जागी शेकडो वर्षं सुरळीत चालल्या आहेत, कारण त्यांच्यामध्ये सातशे किलोमीटरचं अंतर आहे. लेस्टरमध्ये ते अंतर उरलं नव्हतं. दोघं एका सोफ्यावर बसले होते.

सुलक्षणाकाकूंनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीने, गोळाभात केला होता. अवधूत नको म्हणत असताना त्याला तीनदा वाढून झालं होतं. तो सोफ्यावर टेकला, लॅपटॉप मांडीवर घेतला, उसासा टाकला (या वेळी तो खरा होता) आणि नियमाप्रमाणे म्हणाला,

"काका, बॅकअप घ्यायचा आहे का काही?"

"काही नाही रे बाबा त्यात," डॉक्टर म्हणाले. "आपलं उगीच काहीतरी लिहून राहिलो. नको."

"बरं," अवधूत म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

डॉक्टर पुढच्या प्रश्नाची वाट पाहत राहिले. निळा पडदा आला. पिवळी पट्टी निघाली. पोरगा कामात आहे, मध्येच टोकणं बरं दिसत नाही, विचारेलच आता, असं त्यांना वाटत होतं. पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा त्यांनी खाकरून पाहिलं. अवधूतने 'पाणी देऊ का काका' असं विचारलं. डॉक्टर 'नको' म्हणाले आणि अवधूतने तेही दिलं नाही.

हिरवी टेकडी आल्यावर डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं.

"माझं फोल्डर कुठाय?"

"काका, तुम्ही नको म्हणालात ना."

"अरे, पण एकदाच म्हणालो."

 सुलक्षणाकाकू बडीशेपेची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या, त्या तशाच परत गेल्या.

मंडळाने तातडीने चौकशी समिती नेमली. समितीने दोन्ही पक्षांना ऐकून घेतलं आणि पुढील निष्कर्ष काढला: प्रश्न रीतसर विचारण्यात आला, उत्तर रीतसर देण्यात आलं, दोघंही आपापल्या गावच्या रीतीप्रमाणे वागले, सबब दोष कोणाचाच नाही. यापुढे फॉरमॅटपूर्वी बॅकअपचा प्रश्न तीन वेळा, मध्ये श्वास घेण्याइतकं अंतर ठेवून विचारावा, असा ठरावही एकमताने झाला. मंडळाच्या इतिहासात नागपूर आणि पुण्याचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. (त्यानंतर एका घरात अवधूतने नियमाप्रमाणे तीनदा विचारलं. तेव्हा त्या घरच्यांनी भीडेपोटी पाचशे पिवळे चेहरे जपून ठेवायला लावले.)

डॉक्टर मात्र खचले. सुलक्षणाकाकूंनी उल्काताईंना फोनवर सांगितलं, "रोज सकाळी उठतात, लॅपटॉप उघडतात आणि त्या हिरव्या टेकडीकडे बघत बसतात गं. एक अक्षर लिहीत नाहीत. मी म्हटलं, पुन्हा लिहा. तर म्हणतात, एकदा जगलो, एकदा लिहिलं, आता तिसऱ्यांदा कुठून आणू? मला तर वाटायचं मीच कंटाळलेय त्या पुस्तकाला. पण सकाळी त्यांचं ते एका बोटाचं टकटक ऐकू येईना, तर मलाच घर खायला उठलं."

हे ऐकून आम्हा सगळ्यांना वाईट वाटलं, अगदी खरोखर वाटलं. आणि मराठी माणसाला खरोखर वाईट वाटलं की तो सभा घेतो.

लेखक समोरच बसणार असल्यामुळे तिला शोकसभा म्हणता आलं नाही. 'संत्र्यांच्या गावाहून: आठवणींचा जागर' असं नाव दिलं. हॉल भरला. जे पुस्तक वाचताना वीस माणसं टिकत नव्हती, ते नाहीसं झाल्यावर खुर्च्या बाहेरून आणाव्या लागल्या. एकेक सभासद उठून आपल्याला आवडलेला भाग सांगू लागला. उल्काताईंना सर्वांत भिडला होता तो आईच्या निरोपाचा प्रसंग. नागपूर स्टेशनवर आईने डॉक्टरांच्या हातात डबा दिला आणि तोंडातून शब्द न काढता ती मागे वळली, ते वर्णन ऐकताना त्या दिवशी आपण रात्रभर झोपलो नाही, असं त्या म्हणाल्या. भूल उतरताना पेशंट आपल्या भाषेत आईला हाक मारतो, ते पान सतीशला पाठ होतं. मीनल नावाच्या आमच्या एक उत्साही सभासद आहेत, त्यांना डॉक्टरांनी आणि काकूंनी परक्या देशात केलेला पहिला पाडवा आठवला. असं साहित्य पुन्हा होणे नाही, यावर सर्वांचं एकमत झालं. त्यात सुटकेचा भाग किती आणि दुःखाचा किती, हे मोजण्याची सोय मंडळाकडे नाही.

डॉक्टर पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. सुरुवातीला त्यांचे डोळे भरून आले. मग हळूहळू त्यांच्या कपाळावर आठी पडली. घरी जाताना गाडीत त्यांनी विचारलं,

"मी आईबद्दल लिहिलं होतं का गं?"

"नाही," सुलक्षणाकाकू म्हणाल्या. "तुम्ही ते टाळलंत. मी दोनदा सांगितलं होतं लिहा म्हणून."

"मग उल्काला कुठून आठवलं?"

काकूंनी गाडी चालवण्याकडे लक्ष दिलं.

त्या सभेत एकच माणूस काही बोलला नव्हता, तो अवधूत. लॅपटॉपांमुळे तो घराघरांत गेला असला तरी मंडळाच्या कार्यक्रमांना नवा होता, त्यामुळे त्याने पुस्तक ऐकलंच नव्हतं आणि न ऐकलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं नसतं असा त्याचा समज होता. (पुणेरी शिक्षणातली ही त्रुटी पुढे दूर होईल.) तो दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेला, लॅपटॉप मागून घेतला आणि मँचेस्टरला चैत्रालीकडे पोचला. चैत्राली त्याची कॉलेजची मैत्रीण, तिथल्या एका लॅबमध्ये खराब झालेल्या डिस्कमधून माहिती परत काढायचं काम करते.

"तू क्विक फॉरमॅट मारलास ना? मग काहीच पुसलं जात नाही रे," ती म्हणाली. "फक्त दारावरची पाटी जाते. माणसं आतच असतात. पण त्यावर विंडोज टाकलंयस, त्यात थोडंफार गेलं असेल. आणि नंतर त्यांनी भरपूर काही लिहिलं असेल तर मग अवघड आहे. यूज किती केलाय त्यांनी?"

"केलाच नाही. नुसते बघत बसायचे."

"मग लकी आहात."

हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. डॉक्टर चिकाटीचे असते, दुःख गिळून दुसऱ्या दिवशी नव्याने लिहायला बसले असते, तर जुनं पुस्तक नव्या शब्दांखाली कायमचं गाडलं गेलं असतं. ते खचून बसले म्हणून ते वाचलं. चिकाटीबद्दल शाळेच्या भिंतीवर जे लिहिलेलं असतं, त्यात हा अपवाद जोडावा अशी आमची सूचना आहे.

आठवड्याभरात अख्खं पुस्तक परत आलं. पहिल्यांदा उघडलं तेव्हा पानोपानी नुसती इंग्रजी अक्षरं आणि टिंबं दिसत होती, कारण फॉरमॅटमध्ये मराठी फॉन्ट उडाला होता. (काही सभासदांच्या मते याच स्वरूपात ते अधिक वाचनीय होतं.) फॉन्ट पुन्हा घातल्यावर 'एम-वनवर गाडी बंद पडली' चारही भागांसह जसंच्या तसं उभं राहिलं.

पाडव्याच्या कार्यक्रमात अवधूतने स्टेजवर जाऊन ही बातमी दिली. टाळ्या झाल्या, पण जरा उशिरा. मीनल यांनी शेजारणीकडे पाहिलं. उल्काताईंचे डोळे उघडेच होते, पण त्या जाग्या असल्याचं या वेळी स्पष्ट दिसत होतं.

मग डॉक्टर उठले.

"तुम्ही सर्वांनी त्या दिवशी जे उतारे सांगितले," ते म्हणाले, "ते मी शोधून राहिलो, पण मला सापडत नाहीत. माझं वय झालं. तेव्हा ही सीडी सगळ्यांना देतो. तुम्हीच आपापला उतारा शोधा आणि एक मेच्या कार्यक्रमात वाचून दाखवा."

त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. आयुष्यभर माणसांना झोपवताना त्यांनी तो चेहरा कमावला होता.

त्यानंतरचा एप्रिल महिना मंडळाच्या इतिहासात वाचनमास म्हणून नोंदवावा लागेल. जो उतारा मुळात नव्हता, तो शोधायला पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावं लागतं. असलेला उतारा मध्येच सापडतो आणि माणूस सुटतो. नसलेल्याला ती सवलत नाही. उल्काताईंनी आईच्या निरोपासाठी नागपूर स्टेशन दोनदा पिंजून काढलं. सतीश भूल उतरण्याची वाट पाहत कचऱ्याच्या डब्यांतून गेला. लोक एकमेकांना फोन करून दबक्या आवाजात 'तुला सापडलं का' असं विचारू लागले.

आणि मग सतीशला काहीतरी सापडलं. त्याचं स्वतःचं नाव. तो लेस्टरला नवा आला होता तेव्हाची गोष्ट. त्याला खोलीतलं हीटिंग चालू करता येत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती, म्हणून तो कोट घालून झोपायचा. डॉक्टरांनी लिहिलं होतं: 'सतीशला घरी आणलं. सुलक्षणाने गरम भात वाढला. पहिल्या घासाला तो रडला. त्याने मान खाली घातली. त्याला वाटलं मला दिसलं नाही. मीही पाणी आणायच्या निमित्ताने उठलो, कारण माझा पहिला हिवाळा मला आठवला.'

सतीशने हे पान उल्काताईंना वाचून दाखवलं. मग त्यांनी स्वतःचं नाव शोधलं. मग सगळ्यांनी शोधलं. प्रत्येक जण कुठे ना कुठे होता. कोणाला विमानतळावरून आणलेलं, कोणाच्या वडिलांपाशी हॉस्पिटलात बसलेलं, कोणाचं बाळ पहिल्यांदा हातात घेतलेलं, हे सगळं गॅसचा मीटर आणि एम-वन यांच्या अधेमध्ये लिहिलेलं होतं, आणि आम्ही नेमके तेव्हा पार्किंगचं तिकीट बघायला गेलो होतो. काही तक्रारीही आल्या. अमक्याचा उल्लेख चारदा आणि आपला एकदाच, तोही 'गाडी हळू चालवतो' असा, हे पाहून एका सभासदाने समितीकडे दाद मागितली आहे.

एक मेच्या कार्यक्रमात कोणीही सांगितलेला उतारा वाचला नाही. ज्याने त्याने सापडलेला वाचला. सतीशला मध्येच पाणी आणायच्या निमित्ताने उठावं लागलं. उल्काताईंची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आईचा तो प्रसंग मला कुठे सापडला नाही."

"मलाही नाही सापडला," डॉक्टर म्हणाले. "तो लिहायला पाहिजे."

सुलक्षणाकाकू सांगतात, सकाळची टकटक पुन्हा सुरू झाली आहे. दुसरा खंड येतो आहे, अशी चर्चा आहे. मंडळात थोडी घबराट आहे, पण डॉक्टरांच्या घरी लाडवांचे डबे पोचवणाऱ्यांची संख्या लक्षणीय वाढली आहे, आणि लेखकाशी सलोखा ठेवणं हा साहित्यप्रेमाचाच एक प्रकार आहे.

हे सगळं वाचून सुज्ञ वाचकांना आमच्या मंडळाचं हसू आलं असेल, ते साहजिकच आहे. वाचक काही तसे नाहीत. ते शब्दन् शब्द वाचतात. या हकीकतीतला तो प्रसंग, कस्टमच्या अधिकाऱ्याने डॉक्टरांना लोणच्याची बरणी उघडायला लावली आणि डॉक्टरांनी त्यालाच एक फोड देऊ केली, तो त्यांना विशेष भावला असणार. आम्ही ही हकीकत छापण्यापूर्वी काही जाणकारांना वाचायला दिली होती आणि त्या सर्वांनी याच प्रसंगाचं आवर्जून कौतुक केलं. तो प्रसंग आम्ही कुठेही लिहिलेला नाही. खात्री करायची असेल तर वर जाऊन शोधायला हरकत नाही. आमच्या मंडळाचं वाचनही तिथूनच सुरू झालं.